दुखत नाही हो!

आपल्या समाजात दुखण्याला जेवढा मान आहे तेवढा क्वचितच दुसऱ्या कशाला असेल. दाढ ठणकू लागली की सारे घर लवंगेच्या शोधात धावते; पाठीत उसण भरली की शेजारच्या काकू शेकाची पुरचुंडी घेऊन येतात; मुलाचे पोट दुखते म्हटले की त्याची शाळाही चुकते. (हा शेवटचा अनुभव आम्हा शिक्षकांच्या विशेष परिचयाचा आहे.) पण जे दुखत नाही त्याची घरात कोणी वास्तपुस्त करीत नाही. ओठाच्या आत पांढरा चट्टा दिसतो, काखेत गाठ हाताला लागते, कमरेवरची जखम वर्ष झाले तरी भरत नाही; आणि कोणी चौकशी केलीच तर उत्तर येते, "दुखत नाही हो!" ह्या तीन शब्दांवर विषय संपतो. कर्करोगाविषयी शाळेच्या अंकात लिहावे असे आमच्या मनात आले ते ह्या तीन शब्दांमुळेच. कारण हा रोग आरंभी बहुधा दुखत नाही.

मुळात त्याचे नावच कोणी घेत नाही. आमची मातृभाषा कोकणी. लहानपणी आमच्या घरी वडीलधारी माणसे आवाज खाली आणून 'तें दुयेंस', म्हणजे 'तो रोग', एवढेच म्हणत आणि मग पोरांना बाहेर खेळायला पिटाळीत. बालाघाटास आल्यावर पाहतो तो पोवारी बोलणाऱ्यांच्या घरी, हिंदी बोलणाऱ्यांच्या घरी आणि मराठी घरांतही तीच रीत. प्राचीन ग्रीक वैद्यांनी ह्या रोगाला खेकड्याचे नाव दिले, त्यावरूनच आपला 'कर्करोग' आला. सुश्रुतसंहितेत 'अर्बुद' ह्या नावाने गाठींचे वर्णन आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीचे वैद्य त्याचे नाव घेण्यास कचरत नव्हते. आपणच का कचरावे हे आम्हांस कळत नाही.

आपल्या शरीरातील पेशी ठरावीक शिस्तीने वाढतात, विभागतात आणि जुन्या झाल्या की मरतात. एखाद्या पेशीची ही शिस्त बिघडते, ती थांबायचे विसरते आणि तिच्यासारख्याच बेशिस्त पेशींचा गोळा तयार होऊ लागतो. आमचा जिल्हा धानाचा. म्हणून धानाचेच उदाहरण घेऊ. बांधीत उगवलेले तण पहिल्या निंदणीला उपटले तर एका दिवसाचे काम. तेच बी धरून शेजारच्या बांध्यांत पसरले की सारा हंगाम हातचा जातो. गोळा लहान असतो तेव्हा तो कुठल्या मज्जातंतूवर दाब देत नाही, म्हणून दुखत नाही. दुखू लागतो तेव्हा पुष्कळदा तो आजूबाजूला पसरलेला असतो. आणि आपण तर दुखण्याचीच वाट पाहत बसलेलो असतो!

आता तोंडाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण भारतातील पुरुषांमध्ये तोंडाचा कर्करोग सर्वांत अधिक आढळतो आणि त्याची सामग्री आपल्या अंगणातच आहे. उन्हाळ्यात आमच्या जिल्ह्यातील जंगलांतून तेंदूपत्ता तोडला जातो. पान निरपराध आहे. पण त्याची विडी झाली की त्यात तंबाखू येते. शेजारच्या गोंदिया-भंडाऱ्याकडून आलेला खर्रा तर पोरांच्याही ओळखीचा आहे. सुपारीची भरड, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटलेला तो ऐवज गालात धरून बसलेली माणसे कुठल्याही पानठेल्यावर दिसतील. मध्य प्रदेशाने २०१२ च्या एप्रिलमध्ये गुटख्यावर बंदी घातली, त्याच वर्षी महाराष्ट्रानेही घातली. परंतु बंदी कागदावर जितकी ठसठशीत दिसते तितकी पानठेल्यावर दिसत नाही, हे सांगण्यास आमची गरज नाही. आणि "आम्ही तंबाखू खात नाही, नुसती सुपारी खातो" असे म्हणणाऱ्यांनी हेही जाणावे की जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरविले आहे.

ह्या बाबतीत एका मराठी नावाचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. डॉ. वसंत रामजी खानोलकर हे मुंबईच्या टाटा रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ. आपल्या देशातील माणसे कोणत्या सवयींनी कोणत्या जागी ह्या रोगाला आमंत्रण देतात, ह्याचा त्यांनी शोध घेतला. १९४५ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी सवयीतून उद्भवणारे तीन प्रकार वर्णिले. तंबाखू-चुन्याची चिमटी खालच्या ओठात धरणाऱ्यास त्याच खाचेत रोग होतो; आंध्राकडे चुट्ट्याचे पेटते टोक तोंडात ठेवून ओढणाऱ्या स्त्रियांस टाळूला होतो; आणि कमरेला धोतर घट्ट कसून बांधणाऱ्यास कमरेवरच होतो. अपराध जेथे घडतो तेथेच खूण उमटते. शोध घेणाऱ्यास ह्याहून सोपा माग कोणता हवा?

आमच्याच वर्गातील एक हकीकत सांगतो. दोन वर्षांपूर्वी आठवीच्या मुलांना आम्ही 'माझे आजोबा' हा निबंध घातला होता. एका मुलाने लिहिले होते की, आजोबा पूर्वी मिरचीचा ठेचा आवडीने खात, आता वरणही अळणी मागतात. पोळी दुधात कुस्करून खातात. हसले तरी तोंड पूर्वीसारखे उघडत नाही. आणि आंबा चोखता येत नाही म्हणून त्यांच्या वाट्याच्या फोडी मलाच मिळतात. शुद्धलेखनाच्या पाच चुका होत्या, पण निरीक्षण असे की एखाद्या वैद्याने वहीत टिपून ठेवावे. तिखट न सोसणे, तोंड कमी उघडणे आणि गिळताना मऊच अन्न लागणे ही तिन्ही लक्षणे त्या अकरा ओळींत होती. आम्ही मुलाच्या वडिलांना बोलावून घेतले. ते म्हणाले, "गुरुजी, म्हातारपण आहे. आणि त्यांना दुखत तर काहीच नाही." तरीही ते आजोबांना जिल्हा रुग्णालयात घेऊन गेले, तेथून नागपूरला जावे लागले. गालातील एक बारीक तुकडा काढून तपासला तेव्हा रोग निश्चित झाला. शस्त्रक्रियेत जबड्याचा एक भाग काढावा लागला. आजोबा आज आहेत. त्यांचे बोलणे परक्यास पटकन कळत नाही, नातवाला मात्र कळते. आणखी सहा महिने गेले असते तर काय झाले असते, हे आम्ही नागपूरच्या डॉक्टरांना विचारले नाही, त्यांनी सांगितलेही नाही.

तोंडात काय पाहावयाचे? पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा. दोन आठवड्यांत न भरलेला व्रण, विशेषतः त्याच्या कडा हाताला कठीण लागत असल्या तर. कारणावाचून हलू लागलेला दात. एकाएकी नीट न बसणारी कवळी. जिभेला किंवा ओठाला आलेली बधिरता. गळ्यावर उठलेली कठीण गाठ. साधे तोंड येणे, गाल चावला जाणे ह्या गोष्टी सर्वांनाच होतात आणि दोन आठवड्यांच्या आत बहुधा नाहीशा होतात. म्हणून दोन आठवडे ही मुदत लक्षात ठेवावी. सुपारी-खर्रा खाणाऱ्याने आणखी एक करावे. स्वतःची तीन बोटे एकावर एक उभी धरून तोंडात घालून पाहावीत. पूर्वी जात होती आणि आता दोनच जातात, असे झाले तर तोंडातील आतली कातडी ताठर होऊ लागली आहे असे समजावे. ही अवस्था स्वतः कर्करोग नव्हे, पण पुष्कळांच्या बाबतीत त्याच्या वाटेवरची आहे.

मोठ्या माणसांनाही हा रोग सोडीत नाही. शरद पवारांवर २००४ साली तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर त्यांनी आपल्या जुन्या सवयीविषयी जाहीरपणे खेद व्यक्त केला. आर. आर. पाटील मात्र २०१५ च्या फेब्रुवारीत ह्याच रोगाने गेले.

आता बायकांकडे वळतो. ह्या विषयावर शाळेच्या अंकात लिहावे की नाही, असा प्रश्न काही पालकांना पडेल. आमच्या मते लिहावे. कारण तो ज्या घरांत बोलला जात नाही त्या घरांत हा अंक जातो.

मतदारयादीच्या कामानिमित्त आम्ही एका गावी एका ओसरीवर बसलो असता तेथे आशा दीदी आल्या. तीस वर्षांवरील प्रत्येकाचा एक छापील कागद त्या भरतात, त्यात बरेच प्रश्न असतात. तोंड उघडण्यास त्रास होतो का? आवाजात फरक पडला आहे का? स्तनात गाठ आहे का? पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्तस्राव झाला का? ओसरीवर सासरे बसलेले, दारात दीर उभा, बाहेरून आलेले आम्ही. आणि आतल्या दाराशी डोक्यावर पदर घेतलेली घरची सून. दीदी वाचीत गेल्या, बाई "नाही, नाही, नाही" म्हणत गेल्या. कागद दोन मिनिटांत पुरा झाला. आम्ही काम आवरून अंगणात आलो, तेव्हा त्या बाई गोठ्याच्या कडेने दीदींच्या मागे गेलेल्या दिसल्या. दोघी तेथे बराच वेळ बोलत होत्या. काय बोलल्या ते आम्हांस ठाऊक नाही, ठाऊक असण्याचे कारणही नाही. परंतु त्या दिवसापासून आमचे असे मत झाले आहे की तो कागद ओसरीवर भरूच नये, गोठ्यापाशी भरावा.

स्तनातील गाठ, त्वचेवर पडलेली खळी किंवा संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा, बोंड आत ओढले जाणे किंवा त्यातून रक्त येणे. मासिक पाळीच्या मधल्या दिवसांत, किंवा पाळी कायमची थांबल्यावर वर्षांनी पुन्हा होणारा रक्तस्राव. दुर्गंधी असलेला स्राव. ह्यांतील कोणतीही गोष्ट झाली तर ती डॉक्टरांना दाखवावयाची आहे. "वयामुळे होते" ही समजूत विशेषतः पाळी थांबल्यानंतरच्या रक्तस्रावाबाबत फार घातक आहे. तो एकदाच झाला, थेंबभर झाला, तरी दाखवावा.

नुसते लोकांना सांगितल्याने काही होते काय, अशी शंका आम्हांसही होती. पण सोलापूर जिल्ह्यातील बार्शीने तिचे उत्तर दिले आहे. तेथे १९८७ साली ग्रामीण कर्करुग्णांची नोंदवही सुरू झाली, भारतातील अशा प्रकारची पहिली. रुग्णालयात रुग्णच येत नाहीत तर नोंद कोणाची करणार? म्हणून कार्यकर्ते गावोगाव गेले, लोकांना एकत्र बसवून लक्षणे समजावून सांगू लागले आणि कोणाला तसे काही आहे काय हे विचारू लागले. काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत रुग्णालयात येऊ लागल्या. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून त्याहून मोठे काम झाले. ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या. ज्या गटातील स्त्रियांची विषाणूसाठी एकदाच तपासणी झाली, त्या गटात ह्या रोगाने होणारे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या सुमारे निम्मे झाले. हा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला आणि जगाने तो वाचला. धाराशिवच्या शेतकरी बायकांनी जगाला शिकविलेला हा धडा आपल्या पाठ्यपुस्तकांत अद्याप आम्हांस आढळला नाही.

आज्यांसाठी एक निराळी गोष्ट. खानोलकरांनी धोतराविषयी जे लिहिले, तेच नऊवारी लुगड्याला आणि परकराच्या नाडीलाही लागू पडते. २०२४ साली वर्धा आणि बिहारमधील मधुबनी येथील डॉक्टरांनी दोन वृद्ध स्त्रियांची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. दोघींच्याही कमरेवर दीर्घकाळ न भरणारी जखम होती, एकीची दीड वर्षे, दुसरीची दोन वर्षे. एकच जागा रोज, वर्षानुवर्षे काचत राहिली की कातडी काळी पडते, सोलवटते, पुन्हा भरते, पुन्हा सोलवटते. आणि अत्यंत क्वचित, पण खचितच, तेथे कर्करोग होऊ शकतो. नाडी किंचित सैल बांधावी, तिची जागा अधूनमधून बदलावी, आणि जखम भरत नसेल तर हळदीवर विसंबू नये.

बाकीची लक्षणे भराभर सांगतो. तीन आठवड्यांहून अधिक बसलेला आवाज. (आम्हा शिक्षकांचा आवाज जूनपासून मार्चपर्यंत बसलेलाच असतो, म्हणून आम्हीच अधिक सावध असावे!) घास अडकू लागणे. प्रयत्न न करता घटलेले वजन. शौचाच्या नेहमीच्या सवयीत पडलेला आणि टिकून राहिलेला फरक. शौचातून रक्त, ते मूळव्याधीचे असेलही, पण ते डॉक्टरांनी ठरवावे, शेजाऱ्यांनी नव्हे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला किंवा थुंकीत रक्त आले तर आपल्याकडे प्रथम क्षयाची तपासणी होते व ती योग्यच आहे. परंतु थुंकीत क्षयाचे जंतू सापडले नाहीत म्हणजे काम संपले असे नाही. जुन्या तिळाचा रंग, आकार बदलणे किंवा त्यातून रक्त येणे हेही दाखवावे.

लहान मुलांना हा रोग होत नाही असे पुष्कळांस वाटते. तो मुलांत विरळा आहे, पण आहे. घरात तान्हे भावंड असेल तर त्याची मोबाईलवर काढलेली छायाचित्रे जरा नीट पाहावीत. उजेड पाडून काढलेल्या छायाचित्रात डोळ्यांची बाहुली पुष्कळदा लाल दिसते, ते ठीक आहे. पण एकाच डोळ्याची बाहुली पुनःपुन्हा पांढरी चमकलेली दिसली तर लगेच नेत्रवैद्याकडे न्यावे. तसेच पांढरेफटक पडत जाणारे, वरचेवर तापणारे, न पडता-आपटता अंगावर निळे डाग उठणारे मूल रक्त-तपासणीसाठी न्यावे. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर आज चांगले उपचार आहेत आणि पुष्कळ मुले पूर्ण बरी होतात.

हे वाचून कोणी विद्यार्थी आज रात्री आपल्या गळ्यावरची गाठ चाचपून झोपेविना राहील, अशी आम्हांस धास्ती वाटते. म्हणून स्पष्ट सांगतो: वर लिहिलेली लक्षणे असणाऱ्यांपैकी बहुतेकांना कर्करोग नसतोच. मुलांच्या गळ्यावरच्या गाठी पुष्कळदा साध्या घसादुखीने येतात. स्तनातील बहुसंख्य गाठी निरुपद्रवी असतात. लक्षण म्हणजे रोग नव्हे. ते दारावर वाजलेली कडी आहे. बाहेर पोस्टमन असेल, शेजारी असेल. पण उठून पाहावे तर लागतेच.

उठून न पाहण्याची कारणेही आम्ही ऐकली आहेत. सर्वांत हट्टी समजूत म्हणजे "चाकू लावला की पसरतो." तपासणीसाठी तुकडा काढल्याने रोग पसरतो, हे खरे नाही; उशिरा काढल्याने मात्र तो तोवर पसरलेला असतो आणि दोष चाकूवर येतो. दुसरे कारण पैशाचे, आणि ते खोटे नाही. तथापि पात्र कुटुंबाला आयुष्मान कार्डावर वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात आणि ते कार्ड परराज्यातील संलग्न रुग्णालयातही चालते, एवढे ठाऊक असावे. तिसरे कारण अंतराचे. बालाघाटहून जबलपूर आहे, नागपूर आहे. नागपूरच्या कर्करोग रुग्णालयाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव आहे. ज्यांची भजने आमच्या भागातील खेड्यांत आजही खंजिरीवर म्हटली जातात, ते महाराज १९६८ साली ह्याच रोगाने गेले. मुंबईचे टाटा रुग्णालय १९४१ च्या २८ फेब्रुवारीस उघडले. त्यामागे लेडी मेहेरबाई टाटांचा रक्ताच्या कर्करोगाने १९३१ साली झालेला मृत्यू होता. त्या रुग्णालयासमोरच्या रस्त्याला डॉ. अर्नेस्ट बोर्जिस ह्या गोव्याच्या शल्यवैद्याचे नाव आहे. आमच्या गोमंतकीय मंडळींना त्याचा थोडा अभिमान वाटतो, तो वाचकांनी सोसून घ्यावा.

हा लेख लिहिण्यापूर्वी आम्ही नववीच्या वर्गात ह्या विषयावर बोललो होतो. तास संपल्यावर एका मुलीने विचारले, "आजीला कसे विचारायचे? ती रागावते." आम्ही म्हणालो, विचारू नकोस. सकाळी ऊन अंगणात आले की आरसा घेऊन तिच्याजवळ बस आणि आधी स्वतःचे तोंड पाहा: ओठ उलटून, दोन्ही गाल बोटांनी बाजूस ओढून, जीभ वर करून, मग डावीकडे, उजवीकडे. आरसा मग आजीच्या हाती दे. काही दिसले तर घाबरून ओरडायचे नाही. घरात भिंतीवर जबलपूरचे लाला रामस्वरूप पंचांग असते, नाहीतर कालनिर्णय असते. त्यात दुधाचा हिशेब आणि सिलिंडर लावल्याची तारीख लिहितात, तेथेच त्या दिवसाच्या चौकटीत एक बारीक फुली करावी आणि दोन आठवड्यांनी पुन्हा पाहावे. फुलीपासून चौदा चौकटी मोजून झाल्या आणि चट्टा तसाच राहिला, तर ते पान तसेच घेऊन आरोग्य केंद्रात जावे. तेथील पहिला प्रश्न असतो, "कधीपासून?" आणि बहुतेक घरांतून उत्तर येते, "दिवाळीच्या आधीपासून असेल, नाहीतर नंतरचे असेल."